मोठ्या दीर्घिका कसदार का असतात?



मी इयत्ता चौथीत शिकते. या अंकासाठी गुरुजी म्हणाले होते, "प्रत्येकाने एक प्रश्न घ्यायचा आणि त्याचे उत्तर शोधून लिहायचे. नुसती माहिती उतरवून काढायची नाही." कोणी मधमाशी घेतली, कोणी इंद्रधनुष्य घेतले. मला काही प्रश्नच सुचेना. शेवटी तो मला गोळी गिळताना सापडला.

आपल्याला शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते ना, तीच. त्या दिवशी मी विचारलं, "गुरुजी, लोह म्हणजे लोखंडच ना? मग आपण काय खिळे खातो का?" सगळा वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "खिळ्यातले आणि रक्तातले लोखंड एकच. मोठ्या माणसाच्या अंगात सगळे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोखंड असते. त्याच्यावाचून रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही."

"पण गोळीत ते कुठून आलं?"

"जमिनीतून. खाणीतून."

"आणि जमिनीत कुठून आलं?"

"पृथ्वी तयार झाली तेव्हापासून आहे."

"मग पृथ्वीत कुठून आलं?"

तेव्हा गुरुजी म्हणाले, "हा घे तुझा प्रश्न. आता बस लिहायला!"

उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. गुरुजींनी पुस्तके दिली, मोबाईलवर फोटो दाखवले आणि सगळे आकडे तपासून दिले. उत्तर शोधता शोधता मी आकाशात पार लांब गेले, आणि तिथून फिरून आमच्या शेताच्या बांधावर आले. कशी ते आता सांगते.

सुरुवातीचा माल

आपले विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांचे आहे. सुरुवातीला त्यात लोखंड नव्हते. प्राणवायू नव्हता. कोळसा नव्हता, माती नव्हती, पाणीसुद्धा नव्हते. होते फक्त दोन हलके वायू. समजा, तेव्हाचा १०० किलो माल तराजूत घातला, तर त्यात सुमारे ७५ किलो हायड्रोजन आणि २५ किलो हेलियम भरला असता. तिसरा लिथियम नावाचा पदार्थ होता, पण तो चिमटीतही येणार नाही इतका थोडा.

मग बाकीचे पदार्थ आले कुठून? ते ताऱ्यांनी शिजवले!

तारा म्हणजे एक प्रचंड चूल आहे. पण आपल्या चुलीत लाकूड जळते तसे तिथे जळत नाही. ताऱ्याच्या पोटात इतकी उष्णता आणि इतका दाब असतो की हायड्रोजनचे लहान अणू एकमेकांना चिकटून हेलियमचा अणू बनतो. त्यातूनच उजेड आणि ऊब बाहेर पडते. पुढे हेलियमपासून कार्बन, कार्बनपासून ऑक्सिजन, असे करत करत मोठ्या ताऱ्यांच्या पोटात थेट लोखंडापर्यंत स्वयंपाक होतो. ऑक्सिजन म्हणजेच आपला प्राणवायू, बरे का.

हे सगळे नीट जुळवून चार शास्त्रज्ञांनी १९५७ साली एक मोठा लेख लिहिला. त्यांची नावे मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल. यांपैकी हॉइल यांच्याकडे आपले जयंत नारळीकर शिकले. नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला. पुण्याला आयुका नावाची संस्था आहे, ती त्यांनी उभी केली. मुलांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले. २०२५ साली ते वारले.

आता शिजलेले अन्न चुलीवरच राहिले तर कोणाच्या पोटात जाणार? ते वाढावे लागते. तारे ते वाढतात. काही तारे म्हातारपणी आपला वरचा थर हळूहळू बाहेर सोडून देतात. काही तारे फटाक्यासारखे फुटतात. अशा फुटलेल्या ताऱ्याला सुपरनोव्हा म्हणतात. लोखंड बाहेर येते ते अशा फुटण्यातून. तो माल आसपासच्या वायूत मिसळतो आणि त्या वायूतून पुढचे तारे जन्माला येतात. ते शिजवतात, तेही मरतात, पुन्हा माल मिसळतो. दर पिढीला वायू थोडा थोडा समृद्ध होत जातो.

आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी झाला. म्हणजे त्याच्या आधी ९०० कोटी वर्षे हा स्वयंपाक चालूच होता! त्या मालातूनच सूर्याबरोबर पृथ्वी झाली. म्हणून पृथ्वीत लोखंड आहे आणि म्हणून आपल्या गोळीतही आहे.

इथे एक गंमत सांगते. हेलियमपेक्षा जड असलेल्या प्रत्येक पदार्थाला आकाशाचे शास्त्रज्ञ "धातू" म्हणतात. ऑक्सिजनही धातू आणि कार्बनही धातू! मला हे अजिबात पटले नाही. परीक्षेत आपण असे लिहिले तर गुण जातील. म्हणून मी या लेखात त्याला "कस" म्हणणार आहे. जमिनीत कस असतो तसा वायूत कस. आपल्या सूर्याच्या १०० किलोत हा कस सुमारे दीड किलो आहे. बाकी सगळा हायड्रोजन आणि हेलियम. दीड किलो म्हणजे थोडा वाटतो, पण तेवढ्यावरच आपली पृथ्वी, डोंगर, झाडे, गुरे आणि आपण सगळे झालो आहोत.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचे गाव

तारे एकेकटे विखरून राहत नाहीत. त्यांची प्रचंड मोठी गावे असतात. अशा एका गावाला दीर्घिका म्हणतात. आपल्या दीर्घिकेचे नाव आकाशगंगा. अमावस्येच्या रात्री वाडीवरची वीज गेली की डोक्यावर जो दुधाळ पट्टा दिसतो, तीच ती. तिच्यात १० हजार कोटींहून जास्त तारे आहेत.

मला आधी वाटायचे, सगळ्या दीर्घिका सारख्याच असणार आणि सगळीकडे लोखंडही सारखेच असणार. पण तसे नाही. काही दीर्घिका फार मोठ्या, काही मध्यम आणि काही अगदी वाडीएवढ्या. आणि त्यांचा कसही वेगवेगळा. आपल्या सूर्याचा कस १ रुपया धरला तर हिशेब असा होतो. हा तक्ता मी स्वतः आखला आहे.

आकाशगंगा: ताऱ्यांचे वजन सुमारे ५००० कोटी सूर्यांइतके. कस (सूर्याच्या आसपास) १ रुपया.

मोठा मॅगेलन मेघ: ताऱ्यांचे वजन सुमारे ३०० कोटी सूर्यांइतके. कस ५० पैसे.

लहान मॅगेलन मेघ: ताऱ्यांचे वजन ५० कोटी सूर्यांहूनही कमी. कस २० पैसे.

आय झ्विकी १८: वजन त्याहूनही पुष्कळ कमी. कस सुमारे ३ पैसे.

मॅगेलनचे मेघ हे खरे ढग नाहीत. त्या आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका आहेत. आपल्या गावातून त्या दिसत नाहीत, पण दक्षिणेला ऑस्ट्रेलियात गेले तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आय झ्विकी १८ ही सप्तर्षींच्या भागात आहे, पण ती फार दूर आहे. तिचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे ६ कोटी वर्षे लागतात. ती मोठ्या दुर्बिणीतूनच दिसते.

तक्ता वरून खाली वाचा. वजन कमी होत गेले की कसही कमी होत जातो! ही गोष्ट १९७९ साली फ्रान्स आणि मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी थोड्याशा, वेड्यावाकड्या आकाराच्या दीर्घिका तपासून सांगितली. पुढे २००४ साली क्रिस्टी ट्रेमाँटी आणि त्यांच्या सोबत्यांनी एकदम ५३,००० दीर्घिका तपासल्या. त्यासाठी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एका दुर्बिणीची मोजमापे घेतली होती. तिचा आरसा अडीच मीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या वर्गाच्या दारापेक्षाही मोठा. त्यांनी आडव्या रेघेवर वजन आणि उभ्या रेघेवर ऑक्सिजन मांडला. ठिपके चढणीच्या रस्त्यासारखे वर वर गेले. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या दीर्घिकेच्या वजनात हजारपटीहून जास्त फरक होता आणि कसात दहापट फरक होता. फार मोठ्या दीर्घिकांपाशी मात्र चढण संपून रस्ता जवळजवळ सपाट झाला. त्याच्यापुढे वजन वाढले तरी कस फारसा वाढत नाही.

इतक्या दूरचा कस कसा कळतो?

माझी आजी म्हणाली, "तिथं कोण गेलं व्हतं गं चाखायला?" तिचा प्रश्न बरोबर होता. तिथे कोणी गेलेले नाही. कस उजेडावरून कळतो.

गॅसवर मीठ घातलेला भात शिजताना कधी पाणी उतू गेलेले पाहिले आहे का? निळी ज्योत एकदम पिवळी होते. मिठात सोडियम असते आणि सोडियम तापले की पिवळाच उजेड देते. (हे मुद्दाम करून बघू नये, आई ओरडते.) असेच प्रत्येक पदार्थाचे ठरलेले रंग आहेत. दीर्घिकेतल्या तापलेल्या वायूत हायड्रोजन तांबडा रंग देतो, ऑक्सिजन हिरवा देतो. दुर्बिणीला एक यंत्र जोडलेले असते. ते इंद्रधनुष्यासारखे उजेडाचे रंग अलग करते. कोणता रंग किती ठळक आहे ते मोजून हायड्रोजनच्या मानाने ऑक्सिजन किती आहे याचा हिशेब करतात. सूर्यात हायड्रोजनचे १०,००० अणू मोजले तर ऑक्सिजनचे साधारण ५ निघतात. लहान मॅगेलन मेघात १०,००० मागे साधारण १ निघतो.

आजी म्हणाली, "म्हंजी रंगावरून कालवणाची चव!" मी म्हटलं, "व्हय आजी, तसंच."

आमचा उताराचा तुकडा

आता मुख्य प्रश्न. मोठ्या दीर्घिकेचा कस जास्त का? हे समजायला मला आमच्या शेताची मदत झाली.

आमचा २० गुंठ्यांचा एक तुकडा डोंगराच्या उतारावर आहे. त्यात आम्ही नाचणी करतो. त्याच्या खाली आबांचे मोठे सपाट खाचर आहे. आबा म्हणजे माझे चुलत आजोबा. गेल्या मे महिन्यात दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि आईने उकिरड्यातले सगळे शेणखत त्या तुकड्यात नेले. वर बैलगाडी जात नाही, म्हणून डोक्यावर पाट्या वाहिल्या. मीही लहान पाटी घेऊन जात होते. आठ दिवस आमचे तेच काम चालले होते. आईची मान दुखत होती.

जूनमध्ये पहिलाच पाऊस रात्रभर पडला. सकाळी जाऊन बघतो तर वरचा जुना बांध दोन ठिकाणी फुटलेला. खत वाहून गेले होते आणि खालचे दगड उघडे पडले होते. आई काहीच बोलली नाही. ती नुसती एका दगडावर बसून राहिली. त्या वर्षी नाचणी फार थोडी झाली. दिवाळीनंतर दादा मजुरीला बाहेरगावी गेले. ते म्हणाले, "हा तुकडा आता पडीकच टाकू. त्या मातीत दमच न्हाई."

मी ही गोष्ट गुरुजींना सांगितली. तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्या शेतातच आहे."

पहिले कारण असे. तारे फुटतात तेव्हा त्यांतला माल भयंकर वेगाने बाहेर फेकला जातो. पुष्कळ तारे जवळजवळ फुटले तर तापलेल्या वायूचे वादळच सुटते. आपण दगड वर फेकला तर तो खाली येतो, कारण पृथ्वी त्याला ओढते. तसेच दीर्घिकाही आपल्या वायूला ओढून धरते. जितके वजन जास्त, तितकी ओढ जास्त. आपल्या आकाशगंगेतून सूर्याजवळची एखादी वस्तू कायमची बाहेर जायची असेल, तर तिला दर सेकंदाला ५०० किलोमीटरहून जास्त वेग लागतो. अगदी लहान दीर्घिकेतून निसटायला त्यापेक्षा फार कमी वेग पुरतो. म्हणून मोठ्या दीर्घिकेतला पुष्कळसा कस पुन्हा खाली येऊन तिच्याच वायूत मिसळतो आणि लहान दीर्घिकेतला वाहून जातो. खत घालायचे कष्ट तेवढेच, पण शेतात राहत नाही!

असे वादळ प्रत्यक्ष दिसलेलेही आहे. सप्तर्षींच्याच भागात एम ८२ नावाची दीर्घिका आहे. तिचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे १ कोटी २० लाख वर्षे लागतात. तिच्या मध्यावर तारे फार घाईने तयार होत आहेत आणि फुटत आहेत. फोटोत तिच्या दोन्ही अंगांनी तांबड्या वायूचे लोट बाहेर पडताना दिसतात. गुरुजींनी तो फोटो दाखवला तेव्हा मला आमचा फुटलेला बांध आठवला.

दुसरे कारण असे. लहान दीर्घिका कामाला सावकाश असतात. त्यांच्याकडचा पुष्कळ हायड्रोजन अजून ताऱ्यांत गेलेलाच नाही, कोराच पडून आहे. कोरा माल जास्त आणि शिजलेला थोडा, म्हणून कस पातळ. मोठ्या दीर्घिकांनी आपला बराचसा माल केव्हाच शिजवून टाकला आहे. त्यात बाहेरूनही कोरा वायू दीर्घिकेत येऊन पडत असतो. घरी अचानक पाहुणे आले की आई आमटीत पाणी वाढवते आणि मग आमटी पातळ लागते, तसाच त्या वेळी दीर्घिकेचा कस पातळ होतो.

गुरुजींनी एक गोष्ट बजावून लिहायला सांगितली आहे. आमचा तुकडा लहान आहे म्हणून खत वाहिले नाही, तो उतारावर आहे म्हणून वाहिले. दीर्घिकेला उतार नसतो. तिथे वजन हाच बांध. एवढा फरक लक्षात ठेवून ही तुलना वाचावी.

जुनी पत्रे वाचावीत तसे

आता काळाची गोष्ट. दीर्घिकांचा कस आधी किती होता हे कसे कळते? तेव्हा तर माणूसही नव्हता!

आजी सांगते, पूर्वी मुंबईहून पत्र यायला आठ-आठ दिवस लागायचे. पत्रात "मी आजारी आहे" असे लिहिलेले असायचे आणि तोवर माणूस बरा होऊन कामावरही गेलेला असायचा. पत्र आज वाचले तरी बातमी आठ दिवसांपूर्वीची. उजेडाचे तसेच आहे. उजेड एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. तरीसुद्धा दूरच्या दीर्घिकेचा उजेड आपल्याकडे यायला कोट्यवधी वर्षे लागतात. म्हणजे आपण तिला आजची पाहत नाही, तेव्हाची पाहतो. जितकी दूरची दीर्घिका, तितके जुने पत्र.

२००६ साली शास्त्रज्ञांनी अशा ८७ दूरच्या दीर्घिकांचा हिशेब मांडला. त्यांचा उजेड १००० कोटी वर्षांहून आधी निघालेला होता. त्या काळीही मोठ्या दीर्घिकेचा कस जास्त आणि लहानीचा कमी, हा नियम होताच. पण तेव्हाची आणि आताची, सारख्याच वजनाची दीर्घिका घेतली, तर तेव्हाचीत कस साधारण निम्माच होता. आबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बरोबर हाय. जमीन काय एका वर्सात कसदार व्हती व्हय? आमच्या बापानं, आज्यानं ह्या खाचरात खत घातलंय." आबा चौथीपर्यंतच शिकले आहेत, पण त्यांना हे माझ्या आधी कळले.

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब नावाची दुर्बीण आकाशात सोडली. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंद आहे. तिने आणखी जुनी पत्रे उघडली. विश्व अगदी लहान होते तेव्हाच्या दीर्घिका तिने दाखवल्या. त्यांचा कस फार कमी निघाला, तरी वजन जास्त तर कस जास्त ही चढण तिथेही दिसू लागली होती. तिनेच सापडवलेल्या एका फार दूरच्या दीर्घिकेचे नाव जेड्स-जीएस-झेड१४-० असे आहे. (हे नाव पाठ करायला मला तीन दिवस लागले.) आपण तिला पाहतो तेव्हा विश्वाचे वय ३० कोटी वर्षेही नव्हते. चिली देशातल्या आल्मा दुर्बिणींनी तिच्यात ऑक्सिजन पाहिला. ही बातमी २०२५ साली आली. शास्त्रज्ञांना वाटले होते त्याच्या सुमारे दहापट कस तिच्यात निघाला! मोठे तारे फार घाईने जगतात, काही कोटी वर्षांच्या आतच फुटतात, म्हणून इतक्या लवकरही थोडा स्वयंपाक होऊन गेला होता.

खोडदची सहल

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी गुरुजींनी आम्हाला नारायणगावजवळ खोडदला नेले. ते आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तिथे प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली आहे. तिला एकूण ३० तबकड्या आहेत. एकेका तबकडीची रुंदी ४५ मीटर. आपल्या शाळेच्या आवारात एकही मावणार नाही! १४ तबकड्या जवळजवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर पसरल्या आहेत. त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत, म्हणून वारा आरपार जातो.

ही दुर्बीण उजेड पाहत नाही, रेडिओच्या लाटा पकडते. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीची लाट सोडतो, म्हणजे आपल्या मोठ्या पट्टीपेक्षा थोडी लहान. फार दूरची लाट येता येता ताणली जाते. २०२० साली शास्त्रज्ञांनी या दुर्बिणीने साडेसात हजारांहून जास्त दीर्घिकांच्या लाटा एकत्र करून ८०० कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. त्या दीर्घिकांकडे कोरा माल भरपूर होता, पण त्या इतक्या वेगाने तारे बनवत होत्या की तो १०० ते २०० कोटी वर्षांत संपून जावा. म्हणजे स्वयंपाक किती झाला हे उजेडावरून कळते आणि घरात कोरा दाणा किती शिल्लक होता हे आपल्या खोडदहून कळते. मला फार अभिमान वाटला.

शेवटी काय झाले

होळीला दादा घरी आले. मी त्यांना हे सगळे वाचून दाखवले. मग मी म्हटलं, "दादा, लहान दीर्घिकेतले तारे वाईट नसतात. तेही ऑक्सिजन करतात, लोखंड करतात. फक्त तिला ते धरून ठेवता येत नाही. आपली मातीपण वाईट नाही. आपलं खत वाहून गेलं."

दादा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तुझ्या दीर्घिकेनं काय केलं?"

मी म्हटलं, "तिला काहीच करता येत नाही, दादा. तिला बांध घालता येत नाही. आपल्याला येतो."

दुसऱ्या दिवशी दादांनी पहार आणि घमेली काढली. उताराला आडवा दगडी बांध घालायचे ठरले. दोन रविवार आपल्या वर्गातली मुलेही दगड वाहायला आली. आबाही आले. ते म्हणाले, "तुमचं खत माझ्या खाचरात आलं, त्याची फेड करतो." त्या सर्वांचे मी इथे आभार मानते. बांध निम्मा झाला आहे. पावसाच्या आत पुरा करायचा आहे. दादा म्हणाले आहेत, नाचणी चांगली झाली तर पुढच्या वर्षी मजुरीला जायचे नाही.

तर मित्रांनो, माझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. रक्तातले लोखंड ताऱ्यांत शिजले. आपली दीर्घिका जड होती, म्हणून तिला ते धरून ठेवता आले. आणि ९०० कोटी वर्षे ते साठत राहिले, म्हणून पृथ्वी होण्याइतके झाले. पुढच्या आठवड्यात लोहाची गोळी गिळताना तोंड वाकडे करू नका. ती फार लांबून आली आहे.

पालकांनी जूनमध्ये पहिला पाऊस झाला की आमचा बांध बघायला अवश्य यावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी